बांधीत चौरस किती? रोवणीपूर्वीचा हिशेब

बालाघाट-बैहर मार्गावरील उकवा हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे परिचित आहे. तथापि खाणीबाहेरच्या शिवारात मुख्य पीक भाताचेच. बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सातपुड्याच्या उतारावरील बांध्या क्वचितच काटकोनी असतात. जमिनीच्या वळणाप्रमाणे धुरे घातले जातात, आणि त्यामुळे 'या बांधीला रोपे किती लागतील?' हा साधा वाटणारा प्रश्न अवघड होऊन बसतो.

पारंपरिक रोवणीत या प्रश्नाचे फारसे अडत नाही. पऱ्हे सढळ हाताने टाकलेले असतात. उरले तर उरले. 'श्री' पद्धतीत मात्र तसे चालत नाही. मादागास्कर बेटावर फादर आंरी द लोलानिए यांच्या प्रयोगांतून १९८३ च्या सुमारास आकारास आलेल्या या पद्धतीत ८ ते १२ दिवसांचे एकेकच रोप २५ सें.मी. अंतरावर लावावयाचे असते. रोपे कमी पडल्यास नवीन पऱ्हे तयार होईपर्यंत आधीची लागवड दीड आठवड्याने पुढे गेलेली असते. म्हणून गणित आधी व्हावयास हवे.

प्रत्येक रोप २५ सें.मी. बाजूच्या चौरसाचे मालक आहे असे समजावे. एक चौरस मीटरमध्ये असे १६ चौरस बसतात; एका आरमध्ये १,६०० आणि हेक्टरमध्ये १,६०,०००. अंतर चौरसच का, याचे कारण कोळपणीत आहे. रोपांच्या ओळी उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सरळ असल्या तरच कोनोवीडर दोन्ही बाजूंनी फिरविता येतो.

क्षेत्रफळाला १६ ने गुणले की उत्तर मिळाले, असा सर्वसाधारण समज आहे. मोठ्या बांधीत तो फारसा नडत नाही. २० मीटर लांब व १२ मीटर १० सें.मी. रुंद बांधीचे क्षेत्रफळ २४२ चौरस मीटर. गुणाकाराने ३,८७२ रोपे येतात. प्रत्यक्षात लांबीत ८० आणि रुंदीत ४८ पूर्ण चौरस बसतात, म्हणजे ३,८४० रोपे. फरक अवघा ३२ रोपांचा. अर्धा चौरस जमिनीवर आखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उतारावरच्या चिंचोळ्या पट्टीत मात्र हाच फरक डोळ्यांत भरतो. ३० मीटर लांब आणि १ मीटर २० सें.मी. रुंद पट्टीचे क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर. गुणाकार सांगतो ५७६ रोपे. रुंदीत पूर्ण चौरस बसतात चारच, म्हणून १२० गुणिले ४, अर्थात ४८० रोपे. धुऱ्यापासून साडेबारा सें.मी. ऐवजी १० सें.मी. अंतर सोडले तर पाचवी ओळ बसते आणि रोपे ६०० होतात. ५७६ ही संख्या जमिनीवर कोठेच उतरत नाही! अशा पट्टीत आधी ओळी मोजाव्यात, क्षेत्रफळ नंतर.

दुसरी चूक टोकांची. पहिली ओळ धुऱ्याच्या कडेवरच धरली आणि शेवटचीही तशीच, तर २० मीटरमध्ये ८० नव्हे, ८१ रोपे लागतात. २० बाय १२ मीटरच्या बांधीत ८१ गुणिले ४९ म्हणजे ३,९६९. चौरसांच्या मध्यभागी रोप धरल्यास ३,८४०. म्हणून पहिली ओळ धुऱ्यापासून अर्ध्या अंतरावर, म्हणजे साडेबारा सें.मी. वर, घ्यावी.

वाकड्या बांधीसाठी दोरी व खुंट्या पुरेशा आहेत. पाच-पाच मीटरचे मोठे चौरस आखावेत. अशा एका चौरसात २० गुणिले २० म्हणजे ४०० रोपे बसतात, त्यामुळे क्षेत्रफळ काढण्याचीही गरज उरत नाही. समजा, १० चौरस पूर्णपणे बांधीत आले आणि १७ चौरसांतून धुरा गेला. त्यांपैकी ज्यांचा निम्म्याहून अधिक भाग बांधीत आहे असे ९ धरावेत, उरलेले ८ सोडून द्यावेत. एकूण १९ चौरस, म्हणजे ७,६०० रोपे. हे उत्तर अंदाजाचेच आहे. खात्रीने एवढेच म्हणता येते की बांधी १० चौरसांहून मोठी आणि २७ चौरसांहून लहान आहे. हे अंतर फार वाटत असेल तर अडीच मीटरचे चौरस घ्यावेत. प्रत्येकात १०० रोपे बसतात. श्रम वाढतात, पण कडेच्या तुकड्यांतील चूक कमी होते.

मिळालेल्या संख्येवर मर आणि नांग्या भरण्यासाठी शेकडा १० रोपे अधिक धरणे सोयीचे. बियाण्याचा हिशेबही येथूनच निघतो. हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम असलेल्या वाणाचे १,६०,००० दाणे ४ किलो भरतात. उगवणीतील घट व राखीव रोपे धरून हेक्टरी ५ ते ६ किलो बियाण्याची शिफारस केली जाते ती यामुळेच. चिन्नोरसारख्या बारीक दाण्याच्या वाणास वजनाने याहूनही कमी बियाणे पुरते. मात्र हजार दाणे घरीच मोजून तोलून पाहावेत.