दुकानाची मेल स्पॅममध्ये का जाते?

प्रश्न : पैठणीचं दुकान, योगवर्ग, ट्रॅव्हल एजन्सी अशा छोट्या व्यावसायिकांचं ऑनलाइन काम मी बघते. त्यांची वार्तापत्रं माझ्या जीमेलवरून बीसीसी करून पाठवते, ती हल्ली स्पॅममध्ये जातात. मेलचिंपसारखी सेवा घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्या. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जाते. शिवाय बीसीसीत ‘मला नको’ म्हणायची सोय नसते, मग माणूस वैतागून स्पॅमचं बटण दाबतो. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांच्या तक्रारी हजारी तीनच्या आत हव्यात, असा गूगलचा २०२४ पासूनचा दंडक आहे.

पण नुसती सेवा घेऊन भागत नाही. ‘प्रेषक’ म्हणून जीमेलचा पत्ता ठेवू नका, दुकानाच्या स्वतःच्या डोमेनवरचा घ्या. सेवा तुम्हाला एसपीएफ, डीकेआयएमसारख्या, मेल खरोखर तुमच्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी देईल; डोमेन जिथून विकत घेतलं तिथे लॉगिन करून त्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, जशाच्या तशा चिकटवायच्या. डीमार्कची नोंदही तिथेच. काम किचकट वाटतं म्हणून लोक नेमकं हेच टाळतात, आणि मेल अडकते ती इथेच.

प्रत्येक ग्राहकाचं खातं वेगळं, त्याच्याच नावावर उघडा. पैठणीच्या गिऱ्हाइकांची यादी ट्रॅव्हलवाल्यांसाठी कृपा करून वापरू नका. बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीची परवानगी नव्हे. ती स्पष्ट विचारून घ्या. वर्षभर एकही मेल न उघडणारे पत्ते काढून टाका. मेलचिंप यादीच्या आकारावर पैसे घेतं, तेही वाचतील.