जातिवंत रक्ताचा भरवसा

घोडे पाळण्याचा नाद मला टेक्सासात स्थायिक झाल्यावर लागला, आणि ज्याच्या सात पिढ्यांत कोणी साधे तट्टूही दाराशी बांधले नाही अशा नवशिक्याला जो ताठा सहज चढतो, तो मलाही चढला. खरेदीखताबरोबर मिळालेली वंशावळ मी एखाद्या इनामदाराने सनद जपावी तशी जपत असे. ह्यूस्टनच्या उत्तरेस माझ्या पागेत त्या काळी दोनच जनावरे होती, एक थोरली करडी घोडी आणि तिच्याच पोटचा पाच वर्षांचा तांबडा घोडा. २००२ च्या उन्हाळ्यात वेस्ट नाइल विषाणूची साथ प्रांतोप्रांती पसरत चालली असता शेजारी आपापली जनावरे टोचून घेत होते. आदल्याच वर्षी त्या लसीला तात्पुरता परवाना मिळाला होता. पण मला घोडी विकणाऱ्या दलालाने ‘या रक्ताला आजार शिवत नाही’ असे छातीठोकपणे सांगितलेले, आणि ते मला वेदवाक्य वाटलेले.

ऑगस्टातल्या एका सकाळी चंदी खाताना तांबड्याचे ओठ थरथरू लागले. मानेवर हात ठेवताच तो विस्तव लागल्यासारखा दचकला, आणि चालवून पाहिला तर मागचा उजवा खूर उचलण्याऐवजी ओढीत गेल्यामुळे पागेच्या मातीत बोटभर रुंदीचा चर उमटला. तिसऱ्या दिवशी तो बसला तो उठला नाही. या रोगाला औषध नाही, सूज उतरवावी, पाणी द्यावे आणि वाट पाहावी, असे पशुवैद्यांनी आधीच सांगितले होते. लक्षणे दिसलेल्या घोड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. त्या एका वर्षी अमेरिकेत पंधरा हजारांवर घोडे आजारी पडले, त्यांतला माझा एक.

आणि थोरली? तिचे रक्त तपासले तेव्हा त्यात या विषाणूची प्रतिपिंडे सापडली. लस तर तिलाही दिली नव्हती. म्हणजे त्याच डासांनी तिलाही डसून विषाणू दिला होता, आणि तिने एक घास न सोडता तो पचवला होता. दलाल अगदीच खोटे बोलला नव्हता, हे माझे दुःख अधिक. फक्त आईची सनद मुलाला जशीच्या तशी मिळत नाही. तिच्या जनुकांतले निम्मेच त्याच्या वाट्याला येतात, आणि कोणते निम्मे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

त्याच २००२ साली उंदरांवरील संशोधनाने दाखवले, की ओएएस नामक कुळातला एक जनुक अखंड असलेले उंदीर या जातीच्या विषाणूंपुढे तग धरतात आणि तो खंडित असलेले मरतात. या कुळातील विकर विषाणूची चाहूल लागताच एक लहानसा रेणू घडवतो, तो दुसऱ्या विकराला जागे करतो, आणि हा दुसरा विकर अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा विषाणूचा आरएनए कातरून टाकतो. पुढे २०१० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांना घोड्यांच्या ओएएस-१ जनुकातील काही भेद आणि या रोगाची बाधा यांत संबंध आढळला. ते वाचले त्या रात्री मी वंशावळीचा कागद पुन्हा काढून पाहिला: आजोबा, पणजोबा, शर्यतीची बक्षिसे, खांद्याची उंची, सगळे होते.

हा रोग घोड्याकडून घोड्याला लागत नाही. विषाणू वाढतो पक्ष्यांत आणि येतो डासांतून, तेव्हा आजारी जनावराला दूर बांधण्यापेक्षा साचलेले पाणी उपसणे कामाचे. माझ्या पागेमागे एक जुना टायर पडलेला होता. तांबडा गेल्यावर तो उपडा केला तेव्हा त्यातून वळवळत्या अळ्यांचे ओंजळभर पाणी निघाले.

आपल्याकडे घोडा असेल आणि तो कितीही नामांकित कुळातला असेल, तरी पहिल्या वर्षी तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने लसीच्या दोन मात्रा आणि पुढे दरसाल डासांचा हंगाम लागण्यापूर्वी एक, एवढे कृपा करून चुकवू नका.