पडद्यावरील खेळ : कालचे आणि आजचे

गेल्या दिवाळीच्या सुटींत माळ्यावरचें सामान काढतांना एका पत्र्याच्या पेटींत आमच्या लहानपणचें व्हिडिओ गेमचें यंत्र सांपडलें. दोन रिमोट (आम्ही त्यांस रिमोटच म्हणत असूं), त्यांच्या गुंतलेल्या तारा, एक प्लॅस्टिकचें पिस्तूल आणि पिवळ्या पडलेल्या तीन कॅसेटी, एवढाच तो संसार. आमचा भाचा जवळ उभा होता; वय वर्षें तेरा. त्यानें एक कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, "मामा, हें चार्ज कुठून करायचं?" त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां जें आठवलें व जें नव्यानें शोधावें लागलें, तें येथें मांडीत आहों. आम्ही कांहीं पट्टीचे खेळाडू नव्हे. फावल्या वेळीं घटकाभर खेळणारे. या विद्येंत आमच्याहून पुढें गेलेल्या विद्यार्थ्यांनीं चूकभूल पोटांत घालावी.

या खेळांचा उगम खेळण्यांच्या कारखान्यांत नाहीं. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें, पाहण्यास येणाऱ्या लोकांस कंटाळा येऊं नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा वाटोळ्या कांचेवर टेनिसचा खेळ मांडला. १९७२ त अटारी कंपनीचा 'पाँग' निघाला आणि या करमणुकीचा व्यापार झाला. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शत्रूंच्या रांगा जसजशा विरळ होत, तसतसे उरलेले शत्रू अधिक वेगानें चाल करून येत. यामागें मुळांत कांहीं योजना नव्हती. यंत्राचा मेंदू मंद. पडद्यावर चित्रें फार असलीं म्हणजे तीं हालवितांना तो थके, आणि कमी झालीं म्हणजे हलका होऊन धावूं लागे. कर्त्यानें तो दोष तसाच राहूं दिला व तोच खेळाचा प्राण ठरला.

अशीच काटकसर १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळांत दिसते. तो सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. भाच्याच्या फोनमधील एक छायाचित्र त्याच्या पन्नासपटींहून अधिक जागा अडवितें. म्हणूनच त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरील झुडपें हीं एकच चित्र आहेत, रंग तेवढा निराळा. आमच्या डोळ्यांसमोर तें शेंकडों वेळां गेलें, पण ध्यानांत कधीं आलें नाहीं.

पुण्यांत हें वेड घरोघर पोंचलें तें १९९० नंतर. निंटेंडो कंपनीच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या स्वस्त नकला बाजारांत आल्या आणि बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत त्या सहज मिळूं लागल्या. कॅसेटीवर '९९९९ खेळ' असें छापलेलें असे. घरीं येऊन पाहावें तों पांचसहा खेळच नांवें बदलून पुनःपुन्हां आलेले! ही फसवणूक कोणास फसवणूक वाटत नसे. आमच्या वाड्यांत टीव्ही एक आणि मुलें सात. त्यामुळें कायदा असा कीं, गडी मेला म्हणजे रिमोट दुसऱ्याच्या हातीं. सायंकाळीं सातच्या बातम्या लागल्या कीं खेळ बंद. मध्येंच वीज गेली, तर दोन तासांची कमाई पाण्यांत, कारण त्या खेळांत गाठलेली मजल जपून ठेवण्याची सोयच नव्हती. आमची ताई 'काँट्रा'मध्यें आमच्याहून सरस होती. तिचे तीन जीव संपण्याची वाट पाहण्यांत आमची अर्धी मे महिन्याची सुटी सरली.

आतां त्या पिस्तुलाविषयीं. बदकें मारण्याच्या खेळांत पिस्तुलांतून कांहीं तरी सुटतें व पडद्यावर आदळतें अशी आमची समजूत होती. खरा प्रकार उलटा आहे. घोडा ओढतांच पडदा निमिषभर काळा होतो, आणि लगेच जेथें बदक असतें तेथें पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक डोळा बसविलेला असतो. काळोखामागून उजेड दिसला तर नेम लागला, नाहीं तर चुकला. आधीं काळोख कशासाठीं? कोणी चतुर मुलगा पिस्तूल दिव्याकडेच रोखील म्हणून! जुने कांचेच्या नळीचे टीव्ही चित्र तत्काळ उमटवीत; आजचे पातळ टीव्ही तें दाखविण्यापूर्वीं क्षणभर त्यावर संस्कार करीत बसतात, आणि तेवढ्या विलंबानें पिस्तूल आंधळें होतें. भाच्यानें घोडा पन्नास वेळां ओढला. एकहि बदक पडलें नाहीं.

पुढें फोनवरील साप आला (१९९७, नोकिया ६११०), कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे आले आणि गेले. त्यांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. मोठा पालट झाला तो खेळ खिशांत आल्यावर. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली. तो खेळ जुलै २०२१ त नवें नांव घेऊन परतला, जुलै २०२२ त दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्यें पुन्हां अवतरला. भाच्यास या तारखा इतिहासाच्या सनावळींहून अधिक पाठ आहेत. आमच्या खेळास शेवट होता. आजच्या खेळास तो मुद्दाम ठेवलेला नाहीं. खेळ फुकट, परंतु आंत दुकान. रोज हजेरी लावली तर बक्षीस, न लावली तर नुकसान.

या दुकानामुळेंच गेल्या श्रावणांत आमच्या ताईच्या घरीं मोठा प्रसंग घडला. भाच्यानें आईच्या फोनवरून एका खेळांतील बंद पेट्या विकत घेतल्या. आंत काय निघेल तें पैसे दिल्यावरच कळावयाचें. अठराशें रुपये गेले आणि निघाली काय, तर चित्रांतल्या बंदुकीस लावण्याची रंगीत नक्षी! ताईनें फोन कपाटांत कुलुपबंद केला व आम्हांस बोलावून घेतलें. आम्ही उपदेशाची तयारी करून गेलों. तोंड उघडण्यापूर्वींच ती म्हणाली, "तूं नको बोलूंस. दुधाच्या पैशांचं काय केलं होतंस तें आठव." आठवलें. गल्लीच्या टोंकास नाणें टाकून खेळण्याचें एक दुकान होतें आणि दुधाचे सुटे पैसे आठवडाभर तेथें जात होते. तीं यंत्रेंहि नाणें गिळण्यासाठींच घडविलेलीं होतीं; जुने खेळ साधुसंत होते असें मानण्याचें कारण नाहीं. भेद एवढाच कीं, आमचा खिसा रिकामा झाला म्हणजे आम्ही घरीं परत येत असूं. फोनमधील पैशांस खिसाच नाहीं.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्यानें वर्ज्य ठरविले व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत खेळाचा विकारहि नोंदलेला आहे; मात्र तो ठरविण्यास खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांवर खेळ वरचढ होणें, आणि नुकसान दिसत असूनहि न थांबणें, हीं लक्षणें साधारण वर्षभर दिसावीं लागतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीं तासभर खेळणाऱ्या मुलास रोगी म्हणणाऱ्या पालकांनीं हें वाचावें. आमच्या ताईनें वाचलें. तिच्या रागाचा पारा थोडा उतरला, कुलूप मात्र राहिलें.

नवें सगळेंच टाकाऊ नव्हे. आपल्या पुण्यांतल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें 'राजी' हा खेळ रचला. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाहीं. तरी काम सोडलें नाहीं आणि २०२० सालीं तो जगभर निघाला. हरवलेल्या धाकट्या भावास शोधीत निघालेली एक मुलगी त्यांत आहे. राजस्थानी वाड्यांच्या गच्च्यांवरून ती धांवते, आणि मधली कथा छायाबाहुल्यांनीं सांगितलेली आहे. हा खेळ आम्ही, भाचा आणि शेवटीं ताई, असे तिघांनीं पाळीपाळीनें खेळलों. ताई अजूनहि आमच्याहून सरस आहे.

पिस्तुलाचें काम अद्याप राहिलें आहे. त्यास नळीचा जुना टीव्ही हवा. येत्या रविवारीं भाच्यास घेऊन जुन्या बाजारांत शोध करण्याचा बेत ठरला आहे; एवढें धूड मिळालेंच, तर घरांत ठेवावयाचें कोठें, हें मात्र ताईस अजून विचारलेलें नाहीं.