मनालीला सायकली नेताना

प्रश्न : आम्ही सहा मित्र पुण्याहून दोन गाड्यांनी मनालीला जाणार आहोत. सहा माउंटन बाइक कशा न्याव्यात? रात्री मुक्कामी त्या कुठे ठेवायच्या?

उत्तर : मागच्या दाराच्या कॅरिअरवर तीन-तीन सायकली लावल्या की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. पोलीस अडवू शकतात, शिवाय रात्री मागच्या गाडीला तुमचा ब्रेक दिसणार नाही. टपावरच्या कॅरिअरने गाडीची उंची मीटरभर वाढते, आणि हॉटेलच्या पार्किंगमध्ये शिरताना नेमका त्याचाच विसर पडतो. सहा जणांसाठी माझी पसंती एकाच टेम्पो ट्रॅव्हलरला. मागची आसनं काढून घ्या आणि सायकली आतच ठेवा.

चाकं काढलीत तर हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा. वाटेत कुणाचा हात लिव्हरवर पडला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, मग रोटर आत जात नाही. सायकल डिरेलरच्या बाजूवर कधीही आडवी टाकू नका. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला की गिअर नीट पडत नाहीत. प्रत्येकाने आपल्या सायकलचा एक जादा हँगर जवळ ठेवावा. तो मॉडेलनुसार वेगळा असतो, वाटेत मिळणं कठीण.

रात्री सायकली गाडीत किंवा टपावर सोडू नका. खोलीत घेऊ देतात का, हे बुकिंग करतानाच विचारा. नाही म्हणाले तर दुसरं हॉटेल बघा.