काळे मांजर आडवे गेले तर?



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले टाक गेले, देव्हारा गेला, दंडातले गंडेदोरे गेले. या गोष्टी डोळ्यांना दिसत होत्या म्हणून काढता आल्या. पण काही गोष्टी देव्हाऱ्यात कधीच नव्हत्या, त्यामुळे देव्हाऱ्याबरोबर त्या गेल्या नाहीत. काळे मांजर आडवे गेले की पाय आपोआप थांबतात, ही त्यांतलीच एक. त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असलेली माणसेही थांबतात. म्हणून आजच्या पाठाला हा विषय घेतला आहे.

आपल्या शिरूर-दौंड भागात माणसे दिवस उजाडायच्या आत घराबाहेर पडतात. कोणी रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला असतो, कोणी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे, कोणी दौंडला पुण्याची गाडी गाठायला. वाटेत मांजर आडवे गेले की कोणी सात पावले मागे येतो, कोणी थुंकतो, कोणी घरी परतून घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघतो. मोटारसायकलवाल्याचा उपाय निराळा. तो गाडी कडेला घेतो आणि मागून येणाऱ्याला पुढे जाऊ देतो. या उपायाचा अर्थ काय होतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? ती रेषा जो पहिल्यांदा ओलांडील त्याच्यावर अरिष्ट जाते, असा हा समज आहे. म्हणजे अरिष्ट खरे मानायचे आणि ते एका अनोळखी माणसाच्या गळ्यात घालून स्वतः निर्धास्त व्हायचे. सकाळी सर्वांचे कल्याण इच्छिणारी वंदना म्हणायची आणि तासाभरात रस्त्यावर हे करायचे! मला तर सात पावले मागे येणारी आजी या मोटारसायकलवाल्यापेक्षा बरी वाटते. ती निदान दुसऱ्याचे वाईट चिंतीत नाही.

मंगल कशाला म्हणावे, हा वाद तथागतांच्या काळीही होता. मंगल सुत्त आपल्या घरी लग्नकार्यात म्हटले जाते, पण त्यामागची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. अट्ठकथेत असे सांगितले आहे की, काही लोक म्हणत, सकाळी शुभ वस्तू दृष्टीस पडणे हेच मंगल. दुसरे म्हणत, शुभ शब्द कानी पडणे हे मंगल. तिसरे म्हणत, शुभ वस्तूचा वास, चव किंवा स्पर्श हे मंगल. बारा वर्षे हा वाद मिटला नाही. शेवटी श्रावस्तीला जेतवनात तथागतांना विचारले गेले आणि त्यांनी 38 मंगले सांगितली. ती यादी नीट पाहा. तीत आईबापांची सेवा आहे, बायकामुलांचा सांभाळ आहे, विद्या आहे, हातातली कला आहे, गोड बोलणे आहे, घोळ न घालता वेळेवर केलेले काम आहे. तीत एकही जनावर नाही, एकही रंग नाही, एकही ग्रह नाही. दृष्टीस काय पडले, यापेक्षा हातून काय घडले, याला तथागतांनी मंगल म्हटले. आता मांजरासाठी माघारी फिरून ज्याची गाडी चुकली, त्याने 38 पैकी कोणते मंगल साधले ते त्यानेच सांगावे.

दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात पोट भरण्याच्या हीन विद्यांची एक लांबलचक यादी आहे. उंदराने कुरतडलेल्या कापडावरून शुभाशुभ सांगणे हीसुद्धा त्यांत एक विद्या आहे. मंगल जातकात यावर कथाच आहे. राजगृहात कापडाची लक्षणे पाहणारा एक श्रीमंत ब्राह्मण होता. त्याच्या पेटीतली वस्त्रांची जोडी उंदरांनी कुरतडली. हे वस्त्र घरात राहिले तर घराचा नाश होईल असे त्याने ठरवले. मुलाला सांगितले, याला हात लावू नकोस, काठीवर धरून स्मशानात टाकून ये. तथागतांनी तेच वस्त्र स्मशानातून उचलले आणि ते वेळुवनात गेले. ब्राह्मण धावत आला आणि म्हणाला, हे टाका, तुमचा आणि सगळ्या विहाराचा नाश होईल. तथागतांनी उत्तर दिले की, आम्ही प्रव्रजित आहोत, लोकांनी टाकून दिलेले वस्त्रच आम्हाला योग्य. त्याचे अज्ञान त्यांनी त्याला समजावून दिले. (त्या ब्राह्मणाच्या घरी एखादे मांजर असते तर वस्त्रही वाचले असते आणि खटाटोपही.)

त्या कथेत लक्ष द्यायचे ते काठीकडे. हात लावू नको, काठीवर धर. हा विटाळ आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचा आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याची सावली पडू नये, पाऊल उमटू नये, म्हणून त्याच्या कमरेला झाडू बांधीत आणि थुंकायला गळ्यात मडके अडकवीत. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिभेद निर्मूलना’च्या त्या न झालेल्या भाषणात हे मांडून ठेवले आहे. कामाला निघालेल्या माणसाला आपले पूर्वज आडवे गेले तर त्याला अपशकुन होत असे. त्यांनी काही केलेले नसे. ते त्या घरी जन्मले एवढेच. काळ्या मांजरावर आज जो आरोप ठेवला जातो, तो तोच आहे. जन्म आणि रंग यांवरून एखादा जीव अमंगळ ठरवायचा हा नियम एकदा मान्य केला, की तो कोठे थांबवायचा हे आपल्या हातात राहत नाही.

तो थांबतही नाही. लग्नाला निघताना विधवा समोर आली तर आजही कित्येक घरांत कुजबूज होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो याच समजुतीविरुद्ध होता. आणि मुलगी पाहायला गेल्यावर ‘बाकी सगळं चांगलं आहे, पण रंगानं काळी आहे’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत, हे येथे लिहून ठेवतो.

आता मांजराकडे येऊ. त्याचा रंग काळा का? आपल्या डोक्याचे केस ज्या द्रव्याने काळे होतात, त्याच द्रव्याने. त्याला मेलॅनिन म्हणतात. मांजराच्या प्रत्येक केसावर फिकट-गडद पट्टे उमटविणारा एक आनुवंशिक गुण असतो. तो आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून निकामी आला, की केस मुळापासून टोकापर्यंत काळा निघतो. म्हणून आईबाप दोघे पट्टेरी असूनही एखादे पिल्लू काळे निपजू शकते. एकाच पोटची पिल्ले, एक शकुनी आणि एक अपशकुनी, असे कसे होईल? डोळे चमकतात ते डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो म्हणून. विजेरीच्या उजेडात गोठ्यातल्या गाईचे डोळेही असेच चमकतात, पण गाईला कोणी अमंगळ म्हटल्याचे ऐकिवात नाही. राहिले आडवे जाणे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघते, आणि ठरलेल्या वाटेने फिरते. त्याच वेळी आपणही घराबाहेर पडतो. वास्तविक आपणच त्याला आडवे जातो. तेही थबकते, आपल्याकडे पाहते आणि मग पळते.

या समजुतीचे गाव बदलले की फळही बदलते. इंग्लंड-स्कॉटलंडात कित्येक जण काळे मांजर दारी येणे शुभ मानतात. जपानात दुकानात पंजा उंचावून बसलेल्या मांजराच्या मूर्ती ठेवतात, त्यांतली काळी मूर्ती अरिष्ट दूर ठेवते असे म्हणतात. उलट युरोपात 1233 साली पोप नववा ग्रेगरी याने पाखंड्यांविरुद्ध काढलेल्या पत्रात त्यांच्या गुप्त सभेत काळे मांजर येते असे वर्णन केले होते. ज्वराच्या औषधाचा गुण देशोदेशी बदलत नाही. बदलतो तो समज.

‘पण गुरुजी, आम्हाला अनुभव आहे,’ असे कोणी म्हणेल. अनुभवाला मी नाही म्हणत नाही, तो मोजा एवढेच म्हणतो. वहीच्या पानावर चार रकाने आखा. मांजर आडवे गेले आणि काम बिघडले. आडवे गेले आणि काम झाले. आडवे गेले नाही आणि काम बिघडले. आडवे गेले नाही आणि काम झाले. घरातल्या शाळकरी मुलाकडे ही वही द्या आणि सहा महिने रोज रात्री एक रेघ मारायला सांगा. आपण आयुष्यभर फक्त पहिला रकाना लक्षात ठेवतो. बाकीचे तीन रकाने भरतात, पण आठवत नाहीत. तहसील कचेरीत साहेब न भेटणे ही गोष्ट तर मांजर नसतानाही पुष्कळदा घडते.

भिऊच नका, असे मात्र माझे म्हणणे नाही. मांजराच्याच कुळातला एक प्राणी आपल्या भागात खरोखर भिण्यासारखा आहे. 2025 साली शिरूर तालुक्यात पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. उसात बिबट्या राहतो हे खरे, म्हणून तेथे उजेड, सोबत, हातात काठी, मुलांना अंधारात एकटे न सोडणे, वनखात्याला कळवणे हे उपाय खरे. कारण असलेल्या भीतीवर उपाय सापडतो. कारण नसलेल्या भीतीवर उपाय म्हणून माणूस थुंकतो.

आणि कारण नसलेली भीती निरुपद्रवी नसते. काळे पिल्लू घरात निघाले की त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात. घोडनदीच्या किंवा भीमेच्या पलीकडे त्याचे काय होते? कुत्री फाडतात, नाहीतर उपाशी मरते. हत्या आपल्या हाताने झाली नाही म्हणून पहिले शील पाळले गेले, असा हिशेब करू नये. बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. जनावर उपाशी मरेल अशा रीतीने सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. वस्तीत एखादी एकटी म्हातारी काळे मांजर पाळून असते. शेजारी मूल आजारी पडते, म्हैस दूध चोरते, आणि बोट मांजराकडून म्हातारीकडे वळते. ‘हिनंच काहीतरी केलं.’ करणी हा शब्द उच्चारला गेला की त्या बाईचे पाणी तुटते, कधी मार बसतो. अशा गोष्टींविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवतो, असे भासवून त्याला छळणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, आणि दंड 5 हजारांपासून 50 हजार रुपयांपर्यंत. असे काही वस्तीत सुरू झाले तर बैठक भरण्याची वाट न पाहता त्या बाईच्या दारात जाऊन बसा, तिच्या घरचा चहा घ्या, आणि पोलीस ठाण्यात कळवा.

काळे मांजर घरात ठेवणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. माणसाची आणि मांजराची सोबत धान्यामुळे जुळली आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले मिळाले, तो शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. आपल्या घरी शाळू साठवलेला असतो, आणि उंदरीण तीन आठवड्यांत वितेही. उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. मांजर असेल तर उंदरांचे औषध टाकू नका, विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजरही मरते. कांदा-लसणाचे कालवण आणि तापाची पॅरासिटामॉल गोळी ही दोन्ही त्याला विष आहेत. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यापेक्षा मासळीचे डोके किंवा उकडलेले अंडे द्यावे. पिल्ले सांभाळणे जमत नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात विचारून नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पोत्याची वेळच येत नाही. रेबीजची लस टोचावी. मांजर चावले किंवा खोल ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, अंगारा लावून बसू नये.

आणखी एक. काळे मांजर रात्री डांबरी रस्त्यावर दिसत नाही, त्यामुळे उसाच्या गाड्यांखाली तेच आधी सापडते. त्याच्या गळ्यात पांढऱ्या कापडाची पट्टी बांधा, पण सैल, कोठे अडकली तर सहज सुटेल अशी.