गाजरगवत

श्रावण लागला की सोनगीरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्या होतात. किल्ल्याच्या पायथ्याची पडीक जमीनही हिरवी होते. नवख्या माणसाला वाटते, यंदा चाऱ्याला तोटा नाही. पण जरा खाली बसून पाहा. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली आहेत. शेंड्यावर तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी फुले आहेत. गाय येते, हुंगते आणि पुढे जाते. एका गुराख्याने आम्हांला सांगितले, "गुर्जी, रान हिरवं शे, पन ढोरं उपाशी शेतस."

हे गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. खरे म्हणजे हे गवतच नव्हे. गवत म्हणजे हरळी, मारवेल, पवना. हे सूर्यफुलाच्या कुळातले झाड आहे. कंबरेइतके, कधी छातीइतके वाढते. त्याचे मूळ घर मेक्सिको, वेस्ट इंडीज बेटे आणि त्याभोवतीचा अमेरिकेचा मुलूख.

मग ते आपल्या बांधावर कसे आले? १९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर ते जाणकारांच्या नजरेस पडले. १९५६ साली त्याची नोंद छापून आली. लोक म्हणतात, पी. एल. ४८० च्या मिलो-गव्हाबरोबर त्याचे बी आले. पण तो करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि झाड तर आधीच दिसले होते. अर्थात १९५१ पासूनही अमेरिकेचा गहू आपल्याकडे येत होता. तेव्हा धान्यातून आले असेल, हे खरे असू शकते. करारावर सगळा बोजा टाकणे मात्र बरोबर नाही. पुण्याहून ते मालाच्या गाड्यांबरोबर, चाकांच्या चिखलाबरोबर, बियाण्याबरोबर आणि पुराच्या पाण्याबरोबर देशभर गेले. आपले गाव तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. आपल्याकडे ते न येते तरच नवल.

परके आले म्हणून ते वाईट, असे मात्र समजू नका. आपल्या ठेच्यातली मिरची अमेरिकेतलीच. शेंगदाणेही तिकडचे. मका तिकडचा. त्या पिकांना आपण पेरतो, तेव्हा ती उगवतात. सोडून दिली तर रान व्यापत नाहीत. गाजरगवताला कोणी पेरावे लागत नाही.

ते इतके का माजते, हे समजून घ्या. प्रत्येक झाडाला त्याच्या मुलखात कोणीतरी खाणारा असतो. कोणी किडा पाने खातो, कोणी बी खातो, कोणता रोग पडतो. त्यामुळे झाड मर्यादेत राहते. आपल्या मारवेलाला नाकतोडे खातात, गुरे खातात. नाकतोड्यांना तितर खातो. अशी ती साखळी आहे. गाजरगवत इकडे आले, पण त्याला खाणारे तिकडेच राहिले. शिवाय एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते. ओल असली तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. मुळांतून व पानांतून असा रस जमिनीत उतरतो की शेजारचे गवत नीट उगवत नाही. चारा गेला की गुरांच्या तोंडचे गेले. आणि भुकेने एखाद्या म्हशीने ते खाल्लेच, तर दूध कडू लागते.

माणसाला ते आणखी वाईट. अंगाला लागून लागून खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. फुलांची पूड नाकात जाऊन शिंका येतात, काहींना दमा लागतो. सगळ्यांनाच होते असे नाही. पण ज्याला एकदा बाधले, त्याला पुन्हा पुन्हा बाधते.

येथे आम्ही आमची एक चूक सांगतो. शाळेवर असताना एका भाद्रपदात आवार या झाडांनी भरले. आम्ही श्रमदान ठेवले. मोठ्या मुलामुलींना उपटायला लावले, तेही उघड्या हातांनी. फुले येऊन बी धरले होते, ते आम्ही पाहिले नाही. ढीग खताच्या खड्ड्यात टाकला आणि आम्ही खूश झालो. दोन दिवसांनी मुलांचे हात खाजू लागले. एका मुलीचे डोळे सुजले. तिची आई शाळेत आली. ती भांडली नाही. पोरीचे हात पुढे केले, इतकेच.

पुढे वैशाखात ते खत एका पालकाने कपाशीसाठी नेले. पाऊस पडल्यावर कपाशीच्या आधी गाजरगवत वर आले. त्याला दोन निंदण्या जास्त पडल्या. आम्ही मजुरी देऊ केली. त्याने घेतली नाही. मॅट्रिक झालो, मुख्याध्यापक झालो, पण बी धरलेले झाड खतात टाकू नये, हे आम्हांला त्या शेतकऱ्याकडून कळले.

तेव्हा उपटायचे ते फुले येण्याआधी. पाऊस पडून गेला की जमीन मऊ असते. मुळासकट निघते. कापले तर पुन्हा फुटते. हाताला कापड किंवा पिशवी बांधावी, तोंडावर रुमाल घ्यावा. ज्याला खाज येते त्याने या कामाला जाऊच नये. फुले नसलेल्या झाडांचे खत चांगले होते. ते खुशाल खड्ड्यात टाका. रस्त्याकडेच्या पडीक जागी दहा लिटर पाण्यात दीड-दोन किलो मीठ घालून फवारतात. शेतात हे करू नये, जमीन खारावेल.

एकाने आपले शेत साफ केले आणि शेजारचा बांध, गायरान तसेच राहिले, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणून दिवस ठरवून साऱ्या गावाने निघावे. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा यासाठीच पाळतात. आपल्याकडे पाऊस लवकर झाला तर तोपर्यंत थांबू नये. साफ केलेली जागा उघडी ठेवली की तेच आधी उगवते. तेथे पावसाच्या तोंडावर तरोट्याचे बी टाकावे. तरोटा दाट वाढून त्याला दाबतो.

त्याला खाणारा किडाही आता आपल्याकडे आहे. १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगा बंगळूरला आणला. तपासून १९८४ साली तो सोडला. मध्यंतरी तो सूर्यफूल खातो अशी ओरड झाली. चौकशी झाली, आणि पिकाला त्याचा धोका नाही असे ठरले. भुंगा डाळीएवढा असतो, पिवळट पाठीवर काळसर रेघा असतात. पावसाळ्यात तो व त्याच्या अळ्या पाने खाऊन झाडाचा खराटा करतात. पाऊस संपला की तो जमिनीत शिरून झोपतो. त्याच्या भरवशावर बसता येत नाही, पण त्याची मदत होते. असे भुंगे जिथे दिसतील तो तुकडा उपटू नये, त्यावर मिठाचे पाणीही मारू नये. त्यातले थोडे डब्यात धरून, झाकणाला भोके पाडून, जिथे भुंगे नाहीत तिथे नेऊन सोडावेत.