कोयंडा, कुत्रं आणि शेजार

तुझं घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले. आता आठवड्याचे पाच दिवस तू कोथरूडला आणि घर इथं कोळवण खोऱ्यात एकटं. त्याची राखण कशी करायची ते आत्या म्हणून सांगते. तू ऐक आणि सूनबाईलाही ऐकव.

पहिल्यांदा दाराकडे बघ. घरफोडीची बातमी पेपरात येते तेव्हा तिच्यात एक वाक्य हमखास असतं: ‘कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ लोक हजार रुपयांचं कुलूप आणतात आणि ते अडकवतात अर्ध्या इंची स्क्रूवर बसवलेल्या कोयंड्यात. चोर कुलपाला हातही लावत नाही. कोयंड्यामागे पहारीचं टोक घालतो, एक हिसका देतो, कुलूप जसंच्या तसं लोंबकळत राहतं. म्हणून कोयंडा आरपार बोल्टाने बसव, नट आतल्या बाजूला घे आणि जमलं तर वेल्डिंगचा टाका मार. चौकट भिंतीत होल्डफास्टने धरलेली आहे ना, ते गवंड्याला विचार. खिडकीची जाळी लाकडाला चार स्क्रूंवर असेल तर ती काढून भिंतीत गाडून घे. परसदार आणि न्हाणीचं दार, ही दोन दारं सगळ्यांत कच्ची राहतात, कारण पैसा पुढच्या नक्षीदार दारावरच संपलेला असतो. जुन्या घरांत दाराच्या आतून आडवा अडसर सरकवायचे. तू घरात झोपशील त्या रात्रींसाठी तसा एक सागवानी अडसर करून घे.

आणि ती पहार चोर कुठून आणतो? पुष्कळदा आपल्याच गोठ्यातून. टिकाव, कुऱ्हाड, पहार, शिडी भिंतीला टेकवून ठेवायची नाही. शिडी तर साखळीनेच बांध. पत्र्याची शेड घराला चिकटून असेल तर तिच्यावरून गच्चीत जाता येतं, म्हणून गच्चीच्या दारालाही खालच्या दाराइतकीच मजबुती हवी. किल्ली तुळशीवृंदावनात, दाराच्या वर, मीटरच्या पेटीत ठेवू नकोस. या जागा चोराच्या आधी लहान पोरांनाही ठाऊक असतात. किल्ली शेजारच्या घरी दे, हातात.

शेजाऱ्याचं नाव घेतलं, तर खरं सांगायचं ते आताच सांगते. कुठलंही कुलूप चोराला रात्रभर थोपवत नाही. ते त्याला उशीर करतं आणि आवाज करायला लावतं. त्या वेळात तो आवाज ऐकून उठणारं कुणीतरी हवं. तू तर कोथरूडला असशील. मग उठणार कोण?

चोरांना हे आपल्याहून चांगलं कळतं. गावात शिरलेली टोळी एका घरावर काम करण्याआधी आजूबाजूच्या घरांच्या दारांना बाहेरून कड्या घालते. ओरडा झाला तरी माणसं दारं बडवत आतच राहतात. तुझ्या कॅमेऱ्याआधी ते शेजाऱ्याच्या दाराचा बंदोबस्त करतात, यावरून त्यांना धाक कशाचा ते बघ. यावर उपाय सोपा आहे. रात्री झोपताना बाहेरच्या कडीच्या भोकात एक लहान कुलूप घालून ठेवायचं, म्हणजे कडी सरकतच नाही. आपल्या दाराला कर आणि आसपासच्या घरांना तू स्वतः कुलपं आणून दे. त्यांच्या दाराची कडी मोकळी राहिली तरच ते तुझ्या हाकेला धावतील.

म्हणूनच मला तुझी ती आठ फुटी कंपाउंडची भिंत पटलेली नाही. भूगाव-भुकूमपासून थेट मुळशी धरणाच्या काठापर्यंत बंगलेवाल्यांनी अशा भिंती घातल्या आहेत. एकदा चोर पलीकडे उतरला की तीच भिंत त्याला आडोसा देते. रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही, बांधावरच्या माणसाला दिसत नाही, तो निवांत तास-दोन तास काम करतो. कमरेइतकी दगडी भिंत घाल, वर तारेची जाळी लाव, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आत पोचेल. खिडक्यांपाशी झाडोरा वाढू देऊ नकोस. मागच्या बाजूने करवंदीची आणि सागरगोट्याची जाळी लाव, त्यांच्या काट्यांतून अंधारात कुणी शिरत नाही.

पूर्वी गावाची राखण ही गावाने वाटून दिलेली जबाबदारी होती. जागल्या रात्री फिरायचा. रामोशी राखण करायचे, महार गावाची सीव जाणायचे आणि चोरीनंतर पावलांचा माग काढायचे. माग पुढच्या गावाच्या शिवेत गेला की तिथून तो पुढे नेण्याचं काम त्या गावाचं. रामोशाच्या हद्दीत चोरी झाली आणि ती उघडकीस आली नाही, तर भरपाई त्याच्याकडून मागायचे. त्या व्यवस्थेत जातीची सक्ती होती, ती परत नको. पण चोरी एका घरात झाली तरी ती साऱ्या गावाची, ही जाण मला आजही हवी आहे. आता 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावात पोलीस पाटील असतो. त्याला एकदा घरी बोलावून चहा दे. तुझे दोन नंबर, माळ्याचा नंबर, घर कधी रिकामं असतं, हे त्याच्याकडे असू दे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत नाव नोंदव. तिच्या नंबरावर एकाने फोन करून निरोप बोलला की तो नोंदलेल्या सगळ्या फोनांवर कॉल होऊन एकदम वाजतो. पौडचं पोलीस ठाणं लांब आहे, 112 ला फोन लागला तरी घाटाकडच्या वाडीत गाडी पोचायला वेळ लागणारच, आणि डोंगराआड रेंज मिळेल याचा भरवसा नाही. पहिली दहा मिनिटं गावाचीच असतात.

पण गाव उठेल कुणासाठी? जो बांध कोरत नाही, पाण्याच्या पाळीवरून भांडत नाही, मयताला आणि लग्नाला उभा राहतो, त्याच्यासाठी. शनिवारी गाडीतून उतरून थेट गेटाच्या आत जाऊ नकोस. देवळापाशी थांब, चार शब्द बोल. यात्रेची वर्गणी वेळेवर दे. नव्या इंद्रायणी तांदळाचा भात झाला की शेजारी वाटी पाठव.

आता दिवसांचं सांगते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की अंगणातली हाकसुद्धा माजघरात ऐकू येत नाही, आणि लाईट तर दोन-दोन दिवस नसते. लावणीला सगळं गाव खाचरात चिखलात असतं, घरं भरदुपारी उघडी. कापणी-झोडणीला तेच. चैत्रात यात्रा आणि लग्नसराई, सगळे मांडवात. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात आणि खालचं दार नुसतं लोटलेलं असतं. या दिवसांत तुमच्या घरातलं एक माणूस तरी इथं राहावं, नाहीतर शेजारच्या पोराला ओटीवर निजायला सांगावं. गावाला निघालात तर मोबाईलच्या स्टेटसला फोटो टाकायचे नाहीत, परत आल्यावर टाका.

कुत्रं पाळायचं तर गावठी पाळ. त्याला दोघांनीच खाऊ घालावं, कुणाच्याही हातचं खायची सवय लागू देऊ नये. पण आपल्या भागात बिबट्या आहे, कुत्र्याला रात्री साखळीने अंगणात बांधणं म्हणजे त्याला मारणं. जाळीचं खुराडं करून ओटीला लागून ठेव. आणि टिटवीकडे कान दे. रात्री बांधावरून कुणी चाललं की ती ओरडत उठते. कोल्हा असेल, रानडुक्कर असेल, माणूसही असेल. उठून बॅटरीचा झोत टाकायला काय जातं?

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. कुंपणात वीज सोडायची नाही. डुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी शेतकरी मेले आहेत, गुराखी मेले आहेत. तो गुन्हाही आहे आणि पापही.

कॅमेरे लाव, मी नको म्हणत नाही. पण रेकॉर्डिंगचा तो डबा टीव्हीखाली ठेवू नकोस, चोर जाताना तोच उचलून नेतात. माळ्यावर किंवा धान्याच्या खोलीत लपव आणि त्याला बॅटरी जोड. हालचाल झाली की पेटणारे सौर दिवे स्वस्त आहेत, मागच्या बाजूला दोन लाव. विहिरीवरच्या मोटारीच्या अंगावर वेल्डिंगने नाव कोर, नंबर वहीत लिही. तांब्याच्या केबलपायी मोटारी जातात. गाई-म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबरही त्याच वहीत लिही.

हिंजवडीच्या कंपन्या आल्या आणि मुळशीत जमिनीचा पैसा आला. कुणाला किती मिळाले याची चर्चा खरेदीखताची शाई वाळायच्या आत पौडच्या बाजारात पोचते. ती तुझ्या तोंडून जाऊ नये. सुतार, वायरमन, भाड्याने राहणारे यांच्यासमोर कपाट उघडायचं नाही. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायची. सोनं लॉकरला ठेव. पण हेही जाणून ठेव की लॉकरमध्ये चोरी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या 100 पटीपर्यंतच असते. दागिन्यांचे फोटो काढ, पावत्या जप, हॉलमार्कचा सहा अक्षर-आकडी क्रमांक उतरवून ठेव. आजीच्या जुन्या पाटल्यांना पावती नसते, त्या सोनाराकडून वजन करून लिहून घे. माल सापडला तरी तो आपला आहे हे दाखवता आलं नाही, तर मिळायला फार यातायात होते.

दुपारी घरात म्हाताऱ्या एकट्या असताना भांडी-दागिने उजळून देणारे येतात. कुणी पोलीस असल्याचं सांगून, पुढे दंगा झालाय, दागिने काढून पुडीत बांधा म्हणतो. खरा पोलीस असं कधी सांगत नाही. दार न उघडता खिडकीतून बोलायचं आणि शेजारणीला हाक मारायची.

पण अनोळखी माणूस दिसला की काठी उचलायची नाही. 2018 साली 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवर जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, डोक्यातून अजून गेला नाही. 2024 च्या पावसाळ्याच्या तोंडावर दौंड, शिरूर, आंबेगावकडे रात्री ड्रोन दिसले की चोर टेहळणी करतात अशी हाकाटी झाली आणि गावं काठ्या घेऊन जागली. जागायला हरकत नाही. संशय आला तर पोलीस पाटलाला सांग, त्या माणसाला पाणी दे, नाव-गाव विचार. हात लावायचा नाही, कुणी लावत असेल तर तू मध्ये उभा राहा.

रात्री जाग आली आणि चोर घरात असले, तर त्यांना अडवायचं नाही. खोलीची आतून कडी लाव, भांडं वाजव, फोन कर, त्यांना पळायची वाट मोकळी ठेव. गेल्यावर झाडलोट करू नकोस, कपाटाला हात लावू नकोस, अंगणातल्या पाऊलखुणेवर घमेलं पालथं घाल. फिर्याद हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात ऑनलाईन कळवून तीन दिवसांत सही करायची सोयही आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घे.

शेवटी कागदांचं. चोर पिशवी उचलतो ती आत काय आहे हे न बघता, आणि आपल्याकडे सातबारा, खरेदीखतं सोन्याच्याच डब्याशेजारी ठेवायची खोड आहे. सातबारा पुन्हा निघतो, नोंदलेल्या खताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. पण तुझ्या आज्याच्या वेळची हातची वाटणीपत्रं, मोडी लिपीतली दोन कागदं, ती कुठल्याच कचेरीत नाहीत. येत्या शनिवारी ती घेऊन जा, कोथरूडला स्कॅन कर, एक प्रत माझ्याकडे आणून दे.